भीमेकांठच्या ऊसवाटा

पुण्यामुंबईकडील घरांतून सोलापूरचें नांव निघालें म्हणजे चादरी, शेंगांची चटणी, संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वराची यात्रा आणि पाठोपाठ दुष्काळ, एवढ्या गोष्टी डोळ्यांपुढें येतात. त्यांत खोटें कांहींच नाहीं. हा मुलूख पर्जन्यछायेंतला. पाऊस थोडा आणि तोही लहरी. परंतु दिवाळी उलटून गेल्यावर जो कोणी मोहोळावरून पंढरपूरास व तेथून वेळापूर-अकलूजकडे जाईल त्यास दुष्काळाची आठवण होणें कठीण. रस्त्याच्या दोहों अंगांस ऊस उभा, रस्त्यावर ऊस चालता, आणि डांबरावर पडून चाकांखालीं चिरडलेला ऊसही तितकाच. गेल्या हंगामांत आम्ही या वाटेनें चार दिवस हिंडलों. विठोबाचें दर्शन झालेंच. परंतु मनांत घर करून राहिली ती ऊस वाहण्याची खटपट, आणि विशेषेंकरून एक वीतभर लांबीची लोखंडी खीळ, जिच्यावर ती सारी खटपट अक्षरशः अडकलेली असते.

या कोरड्या मुलखांत ऊस आला तो पाटाच्या पाण्यानें. नीरेच्या खोऱ्यांत भाटघर येथें १९२८ च्या सुमारास मोठें धरण पुरें झालें. नीरेच्या उजव्या कालव्यानें माळशिरस तालुक्याचे माळ भिजूं लागले, आणि सासवडकडील माळी समाजाचे बागाइतदार तेथें येऊन ऊस करूं लागले. १९३० नंतरच्या दशकांत त्यांनींच भागभांडवल जमवून अकलूजजवळ साखर कारखाना काढला. तो सासवड माळी शुगर फॅक्टरी या नांवानें प्रसिद्ध आहे व त्याभोंवतालच्या वस्तीस माळीनगर म्हणतात. शेतकऱ्यांनीं स्वतःच्या मालकीचा कारखाना काढण्याचें आपल्या देशांतील हें फार लवकरचें उदाहरण होय. पुढें भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि ऊसाला खरी भरती आली. आज महाराष्ट्रांत ज्या जिल्ह्यांत साखर कारखाने सर्वांत अधिक, त्यांत सोलापूरची गणना होते. ज्या पिकास बारा महिने पाणी लागतें तें अवर्षणाच्या मुलखानें इतक्या हौसेनें कां जवळ करावें, याविषयीं जाणत्यांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आमचा विषय त्याहून लहान आहे. फडांत तुटलेला ऊस कारखान्याच्या गव्हाणींत जाऊन पडतो कसा, एवढेंच आम्हांस पहावयाचें होतें.

प्रथम घाईचें कारण सांगितलें पाहिजे; कारण तें न कळल्यास पुढचें सारें वेडेपणाचें वाटेल. ऊस तुटला कीं त्याचा ऱ्हास सुरू होतो. रसांतली जी साखर दाणेदार होऊं शकते तिचें हळूहळू न गोठणाऱ्या साखरेंत रूपांतर होऊं लागतें, आणि कांडें वाळून वजनही घटतें. वजन घटलें तर शेतकऱ्याचें नुकसान, उतारा घटला तर कारखान्याचें. म्हणून चोवीस तासांच्या आंत ऊस चरकांत जावा असा सर्वांचा आग्रह असतो. धान्य पोत्यांत भरून ठेवतां येतें, कापूस गोदामांत राहतो. ऊस मात्र दुधासारखा आहे. फरक इतकाच कीं दुधाची घागर एक माणूस उचलतो आणि येथें एका एकरांतून तीस-चाळीस टन माल निघतो.

हा ऊस तोडणारे लोक बहुतेक बाहेरचे. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या बाजूंनीं दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास त्यांच्या टोळ्या निघतात. नवराबायकोच्या जोडीस येथें ‘कोयता’ म्हणतात. टोळींत माणसें किती असें कोणी विचारीत नाहीं, कोयते किती असें विचारतात. माणसास हत्याराचें नांव पडावें हें आमच्या कानांस बरें वाटलें नाहीं. पण तेथें तें बोलून बोलून इतकें गुळगुळीत झालें आहे कीं खुद्द त्या लोकांस त्यांत कांहीं खटकत नसावें. बाप्या तोडतो, बाई मोळ्या बांधते, आणि मग दोघेंही त्या मोळ्या डोक्यावरून फळीवर चढून गाडींत रचतात. गाडी रात्रीं दोनला आली तर रात्रीं दोनला.

गाड्या दोन तऱ्हेच्या. पहिली बैलगाडी. जुन्या लांकडी चाकांच्या, लोखंडी धांवेच्या गाड्या आतां क्वचित् दिसतात; त्यांची जागा मोटारीच्या चाकांच्या गाड्यांनीं घेतली आहे. तिला टायरगाडी म्हणतात. चाक सहज फिरतें म्हणून ओझें वाढलें. दोन-अडीच टन ऊस एका जोडीमागें सर्रास असतो. सुधारणा झाली ती चाकाची. बैलाची मान होती तीच राहिली. दोन चाकांच्या गाडींत सारी खुबी ओझें कोठें ठेवावें यांत असते. आंसाच्या पुढें भार अधिक झाला तर जूं मानेवर बसतें. मागें अधिक झाला तर गाडी उलाळ होते, म्हणजे मागें झुकून जूं वर उचलूं पाहते व जोत बैलाच्या गळ्याला कांचतें. पंढरपूरच्या अलीकडे एक वृद्ध गाडीवान भेटले. मोळ्या रचतांना ते दर थोड्या वेळानें पुढें येऊन जूं हातानें तोलून पाहत. ‘‘काका, हितं वजन पायजे, पर लई नको,’’ ते आम्हांस म्हणाले. ‘‘बैलाला नुसतं कळलं पायजे की मागं गाडी हाय.’’ यंत्रशास्त्राच्या पुस्तकांत ही गोष्ट आंकड्यांनीं सांगतात. दोन चाकांच्या गाडीचा साधारण दहावा हिस्सा भार पुढच्या जोडावर असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. त्या गृहस्थांचा नियम त्याच्या फार लांब नसावा.

बैलाच्या मानेवरील हा भार कमी करण्याचा एक सुरेख प्रयत्न शेजारच्या सांगली जिल्ह्यांत झाला. इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधील विद्यार्थ्यांनीं २०२२ सालीं दोन बैलांच्या मधोमध, जुवाखालीं, उंची कमीजास्त करतां येईल असें एक तिसरें चाक बसविलें व त्यास ‘सारथी’ असें नांव दिलें. ओझें त्या चाकावर जातें, मान मोकळी राहते. आम्ही ज्या गाड्या पाहिल्या त्यांपैकीं एकीलाही तें नव्हतें, ही खेदाची गोष्ट.

दुसरी तऱ्हा म्हणजे ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरमागें दोन ट्रॉल्या हें येथील नित्याचें चित्र आहे. आणि बैलगाड्यांसारख्या दोनतीन लहान गाड्या एकामागें एक जोडून ट्रॅक्टरनें ओढतात त्यास जुगाड म्हणतात. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा ते वीस टन ऊस असतो, आणि तो ओढणारा ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा! लांबून पाहतां रस्त्यानें एक हिरवें घर डुलत चालल्यासारखें दिसतें. जवळ गेल्यावर त्या घराच्या पुढें एक लहानसें यंत्र, आणि त्यावर एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा, गळ्यांत मफलर, दोन्ही अंगांस कर्णे लावून अचाट मोठ्यानें गाणीं वाजवीत बसलेला. (हे कर्णे कायद्यानें बंद व्हावेत असें आमचें मत आहे. मागून येणाऱ्या मोटारीचा भोंगा त्यास ऐकूं येणें शक्यच नसतें.)

ट्रॅक्टरच्या मागल्या बाजूस, दोन मोठ्या चाकांच्या मध्यें, जमिनीपासून हातभर उंचीवर एक जाड लोखंडी जीभ असते. तिला भोंक असतें. ट्रॉलीच्या दांडीच्या टोकास कडें असतें. कडें जिभेंत घालून वरून खीळ सोडली कीं जोड झाला. खिळीच्या खालच्या टोकास लहान भोंक असून त्यांत चाप अडकवावयाची असते, म्हणजे रस्त्यांतील खड्ड्यानें खीळ उसळून वर येत नाहीं. शिवाय एक साखळी निराळी बांधावी, म्हणजे खीळ निसटली तरी ट्रॉली साखळीवर राहील. आम्ही एका कारखान्याच्या आवारांत सहज म्हणून पंचवीस-तीस जोड वाकून पाहिले. चापेच्या जागीं कोठें तारेचा तुकडा, कोठें चिंधी, कोठें कांहींच नाहीं. साखळी मोजक्याच ठिकाणीं होती. एका चालकास विचारलें तेव्हां तो हंसून म्हणाला, ‘‘पिन कुठं जाती साहेब, वीस टनानं दाबलेली हाय.’’ ओढ चालू असते तोंपर्यंत हें खरें आहे. पण उतार लागला, किंवा चालकानें एकाएकीं वेग कमी केला, कीं मागची ट्रॉली पुढें ढकलूं लागते, खिळीवरचा ताण क्षणभर सुटतो, आणि नेमक्या त्याच क्षणीं खड्डा आला तर खिळीस उसळावयास मोकळीक मिळते.

जोड किती उंचीवर असावा ही गोष्ट तर त्याहून महत्त्वाची. घरांतलें उभें कपाट सरकवितांना आपण तें तळाशीं धरून ओढतों. वरच्या कडेस धरून ओढलें तर तें अंगावर येतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. ट्रॅक्टरचें तसेंच आहे. मागलीं चाकें जमिनीस धरून असतात आणि मागून येणारी ओढ ट्रॅक्टरला त्या चाकांभोंवतीं मागें उताणा पाडूं पाहते. हा पाडणारा जोर ओढ किती आणि ती जमिनीपासून किती उंचीवर लागली यांच्या गुणाकाराइतका. जोड एका फुटाऐवजीं दोन फुटांवर घेतला तर तीच ओढ ट्रॅक्टरचें तोंड दुप्पट जोरानें उचलते. तोंडाचें स्वतःचें वजन तेवढें त्याच्या आड येतें. ऊसाच्या फडांतून ट्रॉल्या बाहेर काढतांना, चाकें ओल्या मातींत रुतलेलीं असतां, ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें हात-हात अधांतरी उठलेलीं आम्हीं पाहिलीं. तेव्हां टोळींतले दोघेतिघे जण धांवत जाऊन तोंडावर बसतात. आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर दुसरा ट्रॅक्टर पुढें साखळीनें जोडतात. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीचा रथ दिवेघाट चढतांना पुढें जादा बैलजोड्या लावतात, त्यांतलाच हा प्रकार. मात्र बैल मागें उताणे पडत नाहींत.

ही अडचण जगभर होती. १९२० च्या सुमारास फोर्डसन ट्रॅक्टर सर्वत्र पसरले, तेव्हां नांगर मुळांत किंवा खडकांत अडकला कीं यंत्र मागें उलटे व चालक खालीं सांपडे. आयर्लंडांतील हॅरी फर्ग्युसन यानें त्यावर पुष्कळ वर्षें खर्ची घातलीं. त्यानें नांगर एका दांडीऐवजीं तीन दांड्यांनीं जोडला. दोन खालीं, एक वर. खालच्या दोन ओढतात आणि वरची पुढें रेटते, त्यामुळें नांगरावर पडणारा ताण ट्रॅक्टरचें तोंड उचलण्याऐवजीं खालीं दाबून धरतो. १९३६ सालीं अशा जोडणीचे त्याचे ट्रॅक्टर विकावयास आले आणि १९३९ पासून हेन्री फोर्डच्या कारखान्यांतून ते निघूं लागले. आज आपल्या खेड्यांतल्या लहानथोर सर्व ट्रॅक्टरांच्या पाठीमागें त्या तीन दांड्या दिसतात. पण त्या अवजारांसाठीं आहेत. ट्रॉली ओढावयाची ती खालच्या जिभेवरच. एखादा उतावळा मनुष्य सोयीसाठीं वरच्या जोडास दांडी अडकवितो तेव्हां फर्ग्युसनची सारी कमाई एका क्षणांत पुसून टाकतो.

सडकेवर निराळेंच संकट. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या दोन चाकांस, आणि शेतांत चटकन् वळतां यावें म्हणून डाव्या व उजव्या चाकाचे पायदाब वेगळे. सडकेवर येतांना ते दोन्ही एका आंकड्यानें जोडून घ्यावयाचे असतात. न जोडल्यास घाईंत एकच दाबला जाऊन यंत्र गर्रकन् वळतें. ट्रॉल्यांस स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात. म्हणजे वीस टनांस आवरण्याचें काम अडीच टनांनीं करावयाचें. सोलापूरचा मुलूख सपाट आहे म्हणून बरें, असें प्रथम आम्हांस वाटलें होतें. पण कालव्यांचे भराव, ओढ्यांवरचे पूल आणि त्यांस लागून येणारे छोटे छोटे उतार आम्ही मोजूं लागलों तेव्हां तो समज टिकला नाहीं.

मग इतकें ओझें भरतात कां? याचें उत्तर एका ट्रॉलीमालकानें दिलें. वाहतुकीचें भाडें टनावर आणि अंतरावर मिळतें. हंगामापूर्वीं कारखान्याशीं करार करून मालक उचल घेतो, त्यांत आपले पैसे घालतो, आणि ती रक्कम मुकादमामार्फत टोळीस आगाऊ देतो. टोळी आली तर ठीक. कधीं अर्धी येते, कधीं मध्येंच निघून जाते, कधीं मुळींच येत नाहीं, आणि कर्ज मात्र मालकाच्या नांवावर राहतें. त्यास ट्रॅक्टरचे हप्ते आहेत. हंगाम चार-साडेचार महिन्यांचा. कारखान्याच्या दारांत नंबर लागावयास कधीं पांच तास, कधीं अठरा. खेपा वाढवितां येत नाहींत, म्हणून खेपेचें ओझें वाढवितो. टोळीची बाजू निराळी आहे व तीही ऐकण्यासारखी आहे: उचल आधींच लग्नांत, दवाखान्यांत किंवा मागल्या वर्षीच्या देण्यांत गेलेली, आणि ती फिटेपर्यंत सुटका नाहीं. या दोन कर्जांच्या मध्यें ती खीळ उभी आहे.

रात्रीं मोहोळाकडे येतांना आम्हांस याची प्रचीति आली. अंधार दाट होता. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर, आणि तो सरला न सरला तोंच आमच्यापुढें आठ-दहा हातांवर एक काळी भिंत! ट्रॉलीचें चाक फुटून ती रस्त्यांतच उभी होती. मागें दिवा नाहीं, लाल कापड नाहीं, प्रकाश परतविणारी पट्टी होती ती लोंबत्या वाढ्यांखालीं झांकलेली. आमच्या सारथ्यानें कसाबसा गाडीस बगल दिली. खालीं उतरून पाहतों तों चाकांमागें डोक्याएवढे धोंडे लावलेले, आणि ट्रॉलीच्या सावलींत एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसलेली. चालक चाक आणावयास गेला होता. तिला आम्हीं रस्त्यापासून दूर बसावयास सांगितलें. ‘‘वर थंडी लागती, दादा, हितं इंजनाची ऊब हाय,’’ ती म्हणाली. तरी उठून बांधापलीकडे गेली. आमच्याजवळची विजेरी आम्हीं ट्रॉलीच्या मागें लावून ठेवली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां तेथून गेलों तेव्हां ट्रॉली गेलेली होती, धोंडे मात्र रस्त्याच्या मधोमध तसेच. दुचाकीवरून कामास जाणारीं माणसें त्यांना वळसा घालून जात होतीं. धोंडे उचलून कडेस टाकावयास आम्हां तिघांस दोन मिनिटें लागलीं.

कुर्डुवाडीस गाडी पकडावयाची होती, म्हणून तेथें अर्धा दिवस मिळाला. ओझें ओढण्याच्या शास्त्रांत या गांवाचें नांव मोठें आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. १८९७ सालीं येथून बार्शीस अडीच फूट मापाची छोटी आगगाडी सुरू झाली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा तिचा कर्ता. त्याचा आग्रह असा कीं इंजिन असो वा डबा, कोणत्याही एका आंसावर पांच टनांहून अधिक भार पडतां कामा नये. मग रूळ हलके घातले तरी चालतात आणि ओझें मात्र पुष्कळ नेतां येतें. चाकें वाढवा, आंसावरचें ओझें वाढवूं नका, हें त्याचें सूत्र. १९०६ सालीं ही वाट पंढरपूरास पोंचली आणि वारकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या तिनें विठोबाच्या दारीं नेल्या. १९५४ सालीं ती सरकारनें घेतली; या शतकाच्या आरंभींच्या दहा-अकरा वर्षांत तिचे सारे फांटे रुंद मापाचे झाले. ऊसाच्या ट्रॉल्यांचीं दबून चपटीं झालेलीं चाकें चार दिवस पाहून आल्यावर आम्हांस कॅल्थ्रॉपसाहेबाविषयीं विलक्षण आदर वाटला.

सांगोल्याचा उल्लेख राहिला. तिकडे पाणी थोडें, म्हणून ऊसापेक्षां डाळिंब अधिक. सोलापूरच्या डाळिंबास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. बागेच्या ओळींमधून मोठा ट्रॅक्टर जात नाहीं, तेथें लहान, अरुंद ट्रॅक्टर व त्यामागें दोन चाकांची चिमुकली ट्रॉली असते. परदेशांत याच कामासाठीं फटफटी आणि मोटार यांच्या मधल्या चार चाकांच्या गाड्या वापरतात, आणि त्यांच्या माहितीपुस्तकांत दोन आंकडे वेगवेगळे दिलेले असतात: एकंदर किती ओढावें, आणि मागच्या जोडावर किती वजन पडूं द्यावें. दुसऱ्या आंकड्याकडे लोक लक्ष देत नाहींत अशी तिकडेही तक्रार आहे.

आम्ही ज्या बागेंत गेलों तेथील बागाइतदार पन्नाशींतले, मितभाषी गृहस्थ. त्यांच्याकडे तें पुस्तक नव्हतें. डाळिंबांचे क्रेट ट्रॉलींत रचून झाल्यावर त्यांनीं दांडी ट्रॅक्टरास लावण्यापूर्वीं दोन्ही हातांनीं उचलून पाहिली. ती फार हलकी लागली. त्यांनीं मुलास हांक मारून मागचे तीन क्रेट पुढें घेवविले आणि दांडी पुन्हां उचलली. या खेपेस जरा कण्हत उचलावी लागली. मग कडें जिभेंत घातलें, खीळ सोडली, खालीं वाकून चाप लावली, साखळी अडकविली, आणि गाडी बांधावरून हळूहळू सडकेकडे निघाली.